मगदूम डॉट घर

त्रिशलाने बदामीच्या सहलीची गोष्ट काढली तेव्हा मगदूम सरांना आधी गंमतच वाटली. पाचगणीच्या उपचार केंद्राच्या व्हरांड्यात दोघं बसले होते. समोर सिल्व्हर ओकची रांग होती आणि मोसंबी सोलता सोलता त्रिशला सांगत होती, की लेण्यांपाशी माकडाने सम्यकची टोपी पळवली, आणि रडायचं सोडून पोरगा त्या माकडाचीच समजूत घालत बसला. टोपी निळी होती. खालच्या तळ्यावर बायका कपडे धूत होत्या. पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की श्रुतीने हौसेने हातात घेतलेल्या चपला दोन पायऱ्यांतच पुन्हा घातल्या.

ती इतकं रंगून सांगत होती की सरांनी मान डोलावली. मगदूम कुटुंब बदामीला कधी गेलंच नव्हतं.

जयसिंगपुरात भरतेश मगदूम यांना सगळे सरच म्हणत. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर चार दिवस निवांत जातील म्हणेपर्यंत त्यांच्या बायकोला, त्रिशलाला, विसर पडू लागला. आधी शेजारणींची नावं गेली. मग जैन बस्तीतून देवदर्शन करून घरी यायची वाट चुकली. एकदा नागपूरहून श्रुतीचा फोन आला, तर ही म्हणाली, कोण बोलतंय ते नीट सांगा, उगाच ओळख दाखवू नका. श्रुती, त्यांची मुलगी, त्या दिवशी फोन ठेवून कितीतरी वेळ रडली.

पाचगणीचं केंद्र तेव्हा नुकतंच नावारूपाला आलं होतं. तिथल्या डॉक्टर रुबीना शिकलगार यांनी पहिल्याच भेटीत सरांना उपचार समजावून सांगितला होता. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे, असं त्या म्हणाल्या होत्या. प्रत्येक वेळी आठवण बाहेर काढली की ती काही काळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि पुन्हा वाळताना नव्याने बसते. या आजारात ती वाळतच नाही, भुगा होऊन झडते. म्हणून रुग्णाच्या डोक्यावर एक हलकी टोपी चढवायची आणि समोर त्याच्याच आयुष्यातलं जुनं चित्रण लावायचं. आठवण मऊ झाली की नेमक्या त्याच पेशींना टोपीतल्या ध्वनिलहरींनी बळ द्यायचं. ऐकू न येणाऱ्या, अतिसूक्ष्म लहरी. वाळताना आठवण पक्की बसते. चित्रण मात्र स्वतःचंच हवं. परक्याच्या लग्नाची चित्रफीत दाखवून कुणाला स्वतःचं लग्न आठवत नाही.

मगदूमांच्या घरी चित्रणाला तोटा नव्हता. सरांना कॅमेऱ्याचा नाद होता. बारसं, जत्रा, पावसात साचलेलं अंगण, पोरांची भांडणं, त्यांनी काहीही सोडलं नव्हतं. ते सगळं जिन्याखालच्या कपाटात एका सर्व्हरमध्ये होतं. घरगुती चित्रण घराबाहेर साठवायला कायद्याने बंदी आली होती, त्यामुळे केंद्र ते उतरवून घेत नसे. उपचाराच्या वेळेपुरतं थेट घरच्या सर्व्हरवरून मागवून दाखवत असे. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, तो कंपनी मनाला येईल तेव्हा बदलते. म्हणून त्यावर नाव लावायचं. नाव विचारलं की नेटवरची नामसूची आजचा आकडा सांगते. सरांनी नाव घेतलं होतं, मगदूम डॉट घर. केंद्राच्या यंत्रात तेवढंच नोंदवलेलं होतं.

गुण येत होता. त्रिशला सरांना पुन्हा 'अहो' म्हणू लागली होती, श्रुतीच्या लग्नातल्या शालूचा रंगसुद्धा तिने बरोबर सांगितला होता. आणि आता ही बदामी.

पुढच्या रविवारी सर गेले तेव्हा तिने सम्यकच्या बारावीच्या निकालाचं सांगितलं. त्याला गणितात कमी पडले म्हणून तो गच्चीवर जाऊन बसला होता, आणि तिनेच त्याला शिरा नेऊन दिला. त्यानंतरच्या भेटीत त्याच्या वसतिगृहाच्या खोलीचं वर्णन आलं.

सम्यक, त्यांचा मुलगा, सात वर्षांचा असताना गेला होता. नदीच्या घाटावर सगळे गेले होते, शेवाळावरून पोराचा पाय सरकला. सरांनी कपड्यांसकट उडी घेतली. गढूळ पाण्यात ते पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिले, लोकांनी ओढून काढेपर्यंत. हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पोर खालच्या बंधाऱ्यापाशी सापडलं.

आजार पुढे सरकला, असं सरांनी मनाशी धरलं. डॉक्टर शिकलगारांना मात्र ते पटेना. आजारी मेंदू रचून सांगतो तेव्हा दर वेळी वेगळं सांगतो, असं त्या म्हणाल्या. त्रिशलाताईंच्या सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. चाचण्यांचे आकडे तर इतके चांगले होते की दुसऱ्या केंद्रातले डॉक्टर त्यांची केस बघायला येऊ पाहत होते.

"सर, हे त्या रचत नाहीयेत," डॉक्टर म्हणाल्या. "हे त्यांना कुठून तरी मिळतंय."

सरांना राग आला. माझ्या सर्व्हरमधून माझंच चित्रण जातं, त्यात बदामी कुठून येणार, असं काहीसं बोलून ते निघाले. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी बैठकीतल्या पडद्यावर नाव टाकलं. पान झटक्यात उघडलं. सगळी चित्रणं जागच्या जागी होती. तरीही त्यांनी सर्व्हर बंद करून चालू केला, तारा काढून फुंकून पुन्हा बसवल्या, प्रत्येक खोलीतून नाव टाकून पाहिलं. कुठे अडखळलं नाही. त्यांनी केंद्राला कळवलं की माझ्याकडे काही दोष नाही. केंद्राच्या तांत्रिक विभागाने उलट कळवलं की आमच्याकडेही नाही. सगळी सत्रं पूर्ण झालेली आहेत, चित्र एकदाही तुटलेलं नाही.

दोन्हीकडे सगळं ठीक होतं, आणि त्रिशला दर आठवड्याला थोडी आणखी परकी होत होती. एके दिवशी तिने सरांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "सर, तुम्ही इथे मशीन बघायला येता ना?" केंद्रातली सगळी माणसं त्यांना सर म्हणत. तिनेही तेच उचललं होतं. सरांनी हो म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी उलगडा झाला. त्रिशला झोपली होती. सम्यकच्या आवाजातलं काहीतरी ऐकावं असं सरांना फार वाटलं, म्हणून व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी स्वतःच्या फोनवर नाव टाकलं. चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली, या पत्त्यावरून उत्तर येत नाही. त्यांनी परत टाकलं. परत तेच.

आयुष्यभर मुलांना जे शिकवलं ते त्या पायरीवर त्यांच्या अंगावर आलं. घरातून कधीच बिघाड दिसणार नव्हता. घरातल्या घरात चित्रण चटकन दिसावं म्हणून त्यांनीच घरच्या राउटरला सांगून ठेवलं होतं, की हे नाव कुणी विचारलं तर बाहेर जाऊ नकोस, सरळ कपाटातला सर्व्हर दाखव. म्हणजे घरात बसून ते जी तपासणी करत होते ती सगळी घरातच फिरत होती. बाहेरच्या जगाला ते नाव कुठे नेतं, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. फोनवरच त्यांनी कंपनीच्या जुन्या सूचना काढल्या. चैत्रात गावातल्या सगळ्या जोडण्या बदलल्या होत्या आणि शेकडो घरं मिळून एकच आकडा दिला होता. जिथे शेकडो घरांचा दरवाजा एक, तिथे बाहेरून आलेल्याने नेमक्या मगदूमांच्या घरी कसं पोचायचं? सर्व्हर चालू होता, नाव शाबूत होतं, आणि चैत्रापासून बाहेरचं कुणीही तिथे पोचलेलं नव्हतं.

मग चैत्रापासून त्रिशला काय बघत होती?

त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर शिकलगारांनी ऐकून घेतलं, यंत्राच्या सेटिंगमध्ये खोल खोल जात राहिल्या, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. यंत्रात 'सांधा' नावाची एक सोय होती. सत्राच्या मध्येच जोडणी तुटून पडदा काळा झाला तर रुग्ण घाबरतो आणि मऊ झालेली आठवण विस्कटते. म्हणून तेवढ्या क्षणांपुरतं यंत्राने आधी पाहिलेल्या चित्रणावरून पुढचं चित्र स्वतः रचायचं आणि फट बुजवायची. क्षणाची फट महिनोन् महिने चालेल, हे ती बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सांधा मात्र थांबला नाही. त्याला एकच दिशा ठाऊक होती. टोपीतून कळे की रुग्ण कशाने खुलतो, त्या बाजूला तो चित्र नेई. त्रिशला सम्यक दिसला की खुलायची. यंत्राने सम्यकला मोठा केला.

"मला दाखवा," सर म्हणाले.

डॉक्टर नको म्हणत होत्या. सर उठेनात.

पडद्यावर जयसिंगपूरचं अंगण होतं. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा सायकलमध्ये हवा भरत होता. ओठावर मिसरूड, भुवईवर ती लहानपणची खोक, कान अगदी सरांच्या वडिलांसारखे बाहेर आलेले. त्याने मान वर केली आणि फुटलेल्या आवाजात म्हणाला, आई, मी येतो गं तासाभरात. दारातून त्रिशला काहीतरी ओरडली, तो हसला आणि फाटकातून बाहेर पडला. सरांनी हात पुढे करून डॉक्टरांना पडदा बंद करू दिला नाही. त्यांनी पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचंही पाहिलं. वसतिगृह, पहिली नोकरी, ट्रेनमधून हात हलवणारा तरुण. आपण काय बघतोय हे पूर्ण ठाऊक असूनही त्यांच्या मनात येत होतं, उंच झाला हा, माझ्यापेक्षा उंच.

मग त्यांच्या लक्षात आलं की या घरात बाप नाही. जेवायच्या टेबलावर तीन ताटं होती. सर नेहमी कॅमेऱ्यामागे असत, त्यामुळे खऱ्या चित्रणात त्यांचा चेहरा जवळजवळ नव्हताच. यंत्राने जे पाहिलं त्यातून घर उभं केलं. आई, मुलगी, मुलगा.

श्रुती नागपूरहून आली. तिचं म्हणणं स्वच्छ होतं. खोटं पुसायचं आणि खरं परत लावायचं. तिच्या भावाचं मरण तिने अकराव्या वर्षी सोसलं होतं, ते कुणीतरी यंत्र लावून पुसून टाकावं हे तिला सहन होत नव्हतं. "आणि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही जिवंत असून तिच्या लेखी नाही आहात, पप्पा. हे मी चालू देणार नाही." डॉक्टरांनी सांगितलं की सांधा ठेवायचा की नाही हे केंद्राच्या समितीने कुटुंबावर सोपवलं आहे. खरं चित्रण परत आलं तर नव्या आठवणी हळूहळू झडतील, जुन्या वर येतील. मात्र त्या वर येताना काय होईल, याचा अनुभव कुणाला नव्हता.

दुरुस्ती अवघड नव्हती. बाहेरचा कुणी आत येऊ शकत नसेल तर आतल्याने बाहेर जायचं. सरांनी बाहेरच्या एका मध्यस्थ यंत्राशी आपल्या सर्व्हरकडून कायमची जोडणी उघडी ठेवली आणि नामसूचीत त्या मध्यस्थाचा आकडा लावला. घरातल्या तपासणीवर आता त्यांचा विश्वास नव्हता. ते बस स्टँडवर चालत गेले आणि तिथे फोनवर नाव टाकलं. पान उघडलं. सम्यकचा पाचवा वाढदिवस सुरू झाला. बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि नातू का, असं विचारलं.

पहिल्या सत्राला सर आणि श्रुती दोघंही काचेपलीकडे बसले. त्रिशला टोपी घालून पडद्याकडे बघत होती. इतका लहान का दाखवताय त्याला, आत्ताचा दाखवा ना, असं ती हसत म्हणाली. पुढच्या काही सत्रांत ते हसू मावळत गेलं. ती बोलेनाशी झाली, पण सरांकडे बघताना तिच्या कपाळावर आठी पडू लागली, काहीतरी शोधत असल्यासारखी. श्रुतीला आशा वाटू लागली.

मग श्रुतीच्या बाराव्या वाढदिवसाचं चित्रण आलं. सरांनी ते कशासाठी घेतलं होतं कोण जाणे. टेबलाशी एकटी श्रुती, बाजूला त्रिशला, आणि सम्यक गेल्यानंतरच्या वर्षभरातला तिचा तो चेहरा. खोलीतल्या त्रिशलाने पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी टोपी काढली, उठली, काचेपाशी आली आणि सरळ सरांच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "सापडला का तो?"

कितीतरी महिन्यांनी ती त्यांना ओळखत होती. सर दार उघडून आत गेले आणि त्यांनी तिला सांगितलं. पूर्वी एकदा सांगितलं होतं तसंच, तिचे दोन्ही हात धरून.

तिने ते नव्याने ऐकलं. आजारामुळे नवं सांगितलेलं टिकत नव्हतं, त्यामुळे पुढच्या सत्राला घाट पुन्हा वर आला आणि तिने पुन्हा विचारलं. त्यानंतरच्याही सत्राला. दर वेळी टोपी आपलं काम चोख करत होती, घाटाच्या त्या मऊ आठवणीला बळ देत होती. त्रिशलाने जेवण टाकलं. परिचारिका चमचा तोंडाशी नेत आणि ती मान फिरवी. व्हरांड्यात बसली तरी नजर खालच्या दरीकडे, जणू तिथे पाणी वाहत होतं. सरांना ती आता पक्की ओळखत होती. त्यांना पाहिलं की तिला फक्त तो प्रश्न सुचत होता.

श्रुतीने एका सकाळी केंद्राच्या आवारात सरांना थांबवलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"पप्पा, बंद करा ते," ती म्हणाली.

घरी जाऊन त्यांनी मध्यस्थाची जोडणी तोडली आणि नामसूचीतला आकडा पुसला. घरातल्या पडद्यावर मगदूम डॉट घर अजून उघडत होतं. ते बाहेर रस्त्यावर आले, कोपऱ्यापर्यंत गेले, फोनवर नाव टाकलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा टाकून खात्री केली. बिघाड झाला आहे ना, याची इतकी बारकाईने खात्री त्यांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. मग डॉक्टरांना कळवलं की सांधा चालू राहू द्या. डॉक्टरांनी फक्त बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

थंडी पडेपर्यंत त्रिशलाने अंग धरलं. ती जेवू लागली, केस नीट विंचरू लागली. सर रविवारी जात राहिले. ती त्यांना ओळखीचं हसून खुर्ची देई, मशीन नीट चाललंय ना म्हणून विचारी, आणि सम्यकचं सांगत बसे. त्याची बदली झाली होती. त्याला एक मुलगी आवडली होती आणि आईला सांगायला तो लाजत होता. श्रुती फोनवर हे सगळं सरांकडून ऐकून घेई. ती स्वतः केंद्रात येईनाशी झाली होती.

एका रविवारी त्रिशलाच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची वाटी होती. लग्न पक्कं झालंय, ती म्हणाली. तयारीचं सगळं एकटीवर आहे, श्रुती लांब, पण होईल. सरांनी पत्रिकेचा विषय काढला, मांडव कुठे घालणार ते विचारलं. मग बऱ्याच वेळाने, इतके दिवस न विचारलेलं विचारलं.

"तुमचे यजमान?"

"ते गेले," ती म्हणाली. आवाजात जुन्या दुःखाचा शांतपणा होता. "फार वर्षं झाली. घाटावर सम्यकचा पाय सरकला. सात वर्षांचा होता. ह्यांनी कपड्यांसकट उडी मारली. पोराला पायरीवर ढकललं, लोकांनी वर ओढून घेतलं. ह्यांना मात्र धार घेऊन गेली."

हे तिला कुठल्या सत्राने दाखवलं नव्हतं. सरांनी यंत्राचं सगळं चित्रण पाहिलेलं होतं, त्यात नदी नव्हती. तीन ताटांच्या त्या घराचा अर्थ लावताना हे तिचं तिनेच जुळवलं होतं.



"म्हणजे पोरगा हाताला लागला त्यांच्या," ते म्हणाले.

"लागला ना," त्रिशला म्हणाली. "लगेच लागला."

तिने वाटी त्यांच्यापुढे केली. सरांनी घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. खाली रस्त्यावर त्यांच्या बसची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत.

"पुन्हा सांगाल का?" ते म्हणाले. "पहिल्यापासून."

त्रिशलाने पदर सारखा केला, क्षणभर आठवलं, आणि घाटावर सगळे सकाळी कसे निघाले तिथपासून सांगायला सुरुवात केली.